रमजान, रेडिओ आणि ऐकण्याची नियत

रमजानच्या महिन्यात मुस्लिम घरातले दोन क्षण मिनिटामिनिटाला मोजले जातात. एक पहाटे सेहरी संपण्याचा आणि दुसरा संध्याकाळी रोजा सोडण्याचा. दिवसभरात बाकी कुठे उशीर झाला तर चालतो, इथे चालत नाही. म्हणून या दोन क्षणांची खबर घरापर्यंत पोहोचवणारी काही ना काही व्यवस्था प्रत्येक काळात होती. कुठे तोफ उडायची, कुठे मोहल्ल्यात दफ वाजवत, नात म्हणत लोकांना उठवणारी टोळी फिरायची, कुठे मशिदीवरचा भोंगा ते काम करायचा. आता ते काम बहुतेक घरांत मोबाइलवर येऊन पडले आहे.

या सगळ्यात एक वस्तू विसरली गेली. ती अनेक घरांत आजही आहे, चालूही आहे, फक्त तिच्याकडे कोणी वळत नाही. ती म्हणजे रेडिओ. दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये टीव्हीखाली जो मोठा रिसीव्हर किंवा म्युझिक सिस्टीम ठेवलेली असते, तिच्या पोटात एक ट्यूनर असतो, हेसुद्धा घरातल्या तरुणांना अनेकदा ठाऊक नसते. यंदाच्या रमजानमध्ये हा ट्यूनर पुन्हा लावावा. त्याचबरोबर त्या ट्यूनरवर रमजानचे काही ऐकू यावे, अशी मागणी समाजाने करावी. या दोन्ही गोष्टींची वेळ आली आहे. कारण प्रश्न आवडीनिवडीचा राहिलेला नाही. मशिदीचा आवाज ज्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा होता, त्यांच्यापर्यंतच तो पोहोचेनासा झाला आहे.

भोंग्याचा वाद आणि घरातला कान

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला मनाई आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, असे त्यांचे साधे स्वरूप आहे. हे नियम सर्व धर्मांना सारखे लागू आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे स्पष्ट केले. यावर राजकारण पुष्कळ झाले, पुढेही होईल. पण धर्माच्या अंगाने पाहिले तर न्यायालयाच्या म्हणण्यात धक्का बसण्यासारखे काही नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या काळात हजरत बिलाल (रजि.) यांनी अजान दिली ती गळ्याने दिली. विजेचा भोंगा त्यानंतर तेरा शतकांनी आला.

तरीही भोंगा उतरला किंवा त्याचा आवाज कमी झाला की कोणाचे तरी नुकसान होतेच. ते कोणाचे, हे नीट पाहायला हवे. मशिदीत जाणाऱ्या पुरुषाचे होत नाही, तो वेळ बघून जातो. हातात स्मार्टफोन असलेल्या तरुणाचेही होत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत तरावीहला पुरुषच मशिदीत जातात, स्त्रिया घरी नमाज पढतात. त्यांच्यासाठी, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी, डोळ्यांनी न दिसणाऱ्या नानीसाठी मशीद म्हणजे इमारत नव्हे, मशीद म्हणजे आवाज. सेहरी संपण्याची वेळ तर बारा महिने सकाळी सहाच्या आधीच येते. म्हणजे ज्या अजानची घरातल्या माणसाला सर्वांत जास्त गरज, ती अजान भोंग्यावरून कायद्याने देताच येत नाही.

मुंबईतल्या काही मशिदींनी २०२५ मध्ये मोबाइल अॅपवरून अजान थेट घरात पोहोचवायला सुरुवात केली. हा समंजस मार्ग आहे आणि त्याचे स्वागतच व्हायला हवे. पण अॅपला स्मार्टफोन लागतो, डेटा लागतो, चार्जिंग लागते आणि फोन वापरता येणारे बोट लागते. ज्या नानीचा प्रश्न आहे तिच्याकडे यातले बहुधा काहीच नसते. शिवाय फोन ही एका माणसाची वस्तू आहे, तर रेडिओ ही खोलीची वस्तू आहे. दस्तरख्वानाभोवती बसलेल्या सात माणसांच्या हातात सात फोन असले तर सातजण सात ठिकाणी असतात. कोपऱ्यातला एक रेडिओ बोलू लागला तर सगळे एकाच ठिकाणी असतात.

सूर्यास्त सगळीकडे एकाच वेळी होत नाही

रोजाची वेळ आकाशावरून ठरते. अजान ही त्या वेळेची खबर आहे, वेळेचे कारण नव्हे. म्हणून आवाज कुठून येतो आहे, याला फार महत्त्व आहे. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम इतका पसरलेला आहे की नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी मावळतो. सोलापूरला सुमारे १२ मिनिटे, पुण्याला सुमारे ४ मिनिटे आधी. मुंबईच्या माणसाने नागपूरची वेळ ऐकून खजूर तोंडात टाकला तर सूर्य अजून वर असतो. पहाटे याच्या उलट होते. नागपूरच्या माणसाने मुंबईच्या वेळेवर भरवसा ठेवला तर त्याचा घास फज्रची वेळ सुरू झाल्यावरही चालूच राहील.

म्हणजे एका मोठ्या शहरातून साऱ्या राज्यासाठी वेळ सांगून काम भागत नाही. आवाज जवळचा हवा, जिल्ह्याचा हवा. एफएम रेडिओची नेमकी हीच ताकद आहे. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात चालतात. एका केंद्राचा आवाज शहराच्या आसपास राहतो, फार लांब जात नाही. कमी पल्ला ही एरवी उणीव वाटते. सेहरी आणि इफ्तारच्या बाबतीत तीच सोय ठरते.

मध्यम लहरींचे, म्हणजे रिसीव्हरवर ‘एएम’ लिहिलेल्या पट्ट्याचे वागणे मात्र वेगळे आहे आणि रोजेदाराने ते समजून घेण्यासारखे आहे. दिवसा सूर्यप्रकाशामुळे वातावरणात वर एक थर तयार होतो, तो या लहरी शोषून घेतो. त्यामुळे दिवसभर जवळचीच केंद्रे लागतात. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याहून उंच थरावर आपटून परततात आणि शेकडो किलोमीटर दूरची केंद्रे ऐकू येऊ लागतात. पहाटेपर्यंत हे चालते. म्हणजे मगरिबपासून फज्रपर्यंतचा जो काळ रोजेदाराला खाण्यापिण्यासाठी मोकळा, त्याच काळात मध्यम लहरींचा पट्टाही दूरच्या आवाजांसाठी मोकळा होतो.

या मोकळ्या पट्ट्यावर रात्री काटा फिरवताना दूर देशातली अरबी किंवा उर्दू अजान कानावर पडू शकते. ऐकायला ती कितीही गोड वाटली तरी तिच्यावर रोजा सोडू नये की सेहरी थांबवू नये. मक्केचा सूर्य मुंबईच्या सुमारे सव्वादोन तासांनंतर मावळतो. तिथे रमजानमध्ये इशाची अजान मगरिबनंतर दोन तासांनी होते. म्हणून हरम शरीफची तरावीह सुरू होते तेव्हा मुंबईत रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. ती तरावीह ऐकावी, पण रेडिओवरच्या इमामाच्या मागे घरी नीयत बांधू नये. अशी नमाज होत नाही, हे बहुसंख्य उलेमांचे मत कोरोनाच्या टाळेबंदीतही कायम राहिले होते. रेडिओने खबर घ्यावी, पठण ऐकावे. त्याने जमातीची जागा घेऊ नये.

रिसीव्हर लावायचा कसा

अनेक घरांत रेडिओ बंद पडण्याचे कारण रेडिओ बिघडला हे नसते, तो नीट लावलेला नसतो हे असते. यात सर्वांत जास्त फसतात ती परदेशातून संच आणणारी कुटुंबे. कोकणातल्या मुस्लिम घरांत आखातातून आलेली म्युझिक सिस्टीम नवी नाही. अलीकडे अमेरिकेतून येणारे संचही असतात. भारतात आणि आखातात मध्यम लहरींच्या केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर असते, अमेरिकेत १० किलोहर्ट्झचे. आकाशवाणीचे पुणे केंद्र ७९२ आणि नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झचे. अमेरिकी संच ७९० वर थांबतो आणि पुढे थेट ८०० वर उडी मारतो. ५८० नंतर ५९० दाखवतो. मधले केंद्र त्याला सापडतच नाही. एफएमवरही तो ९८.१, ९८.३, ९८.५ अशा विषम आकड्यांवरच थांबतो, त्यामुळे १०४.८ सारखे केंद्र नीट लागत नाही. घरचे म्हणतात, इथे रेडिओच पकडत नाही. खरे तर संचाला आपण कुठल्या देशात आहोत हे कोणी सांगितलेलेच नसते. अनेक संचांत यासाठी मागे एक छोटी कळ असते किंवा मेन्यूत ट्यूनर स्टेपची सोय असते. काहींत ठरावीक दोन बटणे दाबून धरून संच चालू करावा लागतो. मॅन्युअलमध्ये हे दिलेले असते. बदल केल्यावर आधी साठवलेली केंद्रे बहुधा पुसली जातात, ती पुन्हा साठवावीत.

दुसरा प्रश्न अँटेनाचा. रिसीव्हरबरोबर प्लास्टिकच्या चौकटीवर गुंडाळलेली तारेची एक लहान अँटेना येते आणि एक साधी लांब तार येते. बहुतेक घरांत या दोन्ही वस्तू खोक्यातच राहतात. चौकट एएमसाठी आहे. ती संचाच्या मागे दडवू नये, खिडकीजवळ ठेवून हळूहळू फिरवावी. एका दिशेला आवाज स्पष्ट होतो, तिथे ती थांबवावी. तार एफएमसाठी आहे. ती गुंडाळून न ठेवता भिंतीवर शक्य तितकी उंच आणि सरळ ताणावी. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इंडक्शनची शेगडी यांच्यामुळे एएमवर खरखर होते. इफ्तारच्या वेळी ती वाढली तर आधी चार्जर काढून पाहावा. एफएमवर केंद्र लागते पण मागे सूं-सूं येते, अशा वेळी स्टीरिओ बंद करून मोनो करावे. बोलणे ऐकायला मोनो पुरेसे असते.

ऑटो ट्यूनिंगवरही पूर्ण विसंबू नये. ते फक्त जोरदार केंद्रांवर थांबते, क्षीण केंद्र ओलांडून पुढे जाते. ते केंद्र हाताने शोधावे लागते. एकदा सापडले की पहिल्या बटणावर साठवून ठेवावे. मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत, एक बटण पुरते. रमजानच्या आधी घर झाडून-पुसून घेतले जाते, डाळी-मसाले भरले जातात. त्याच तयारीत घरातल्या नातवाने हे अर्ध्या तासाचे काम करून दिले तर ती खिदमतच आहे.

कैरोपासून आयर्लंडपर्यंत

कुरआन आणि रेडिओ यांचे नाते जुने आहे. इजिप्तच्या सरकारी रेडिओचे प्रसारण ३१ मे १९३४ रोजी सुरू झाले, ते शेख मुहम्मद रिफअत यांच्या कुरआन पठणाने. शेख रिफअत लहानपणीच दृष्टी गमावलेले. अल्लाहचा कलाम अशा यंत्रातून, कुठल्याही जागी ऐकला जाणार, हे योग्य आहे का, असा संकोच त्यांच्या मनात होता. अल-अजहरच्या प्रमुखांनी अनुमती दिल्यावरच ते बसले. पुढे त्यांच्या एका चाहत्याने घरी रेडिओवरून त्यांची पठणे तबकड्यांवर उतरवून ठेवली. शेख १९५० मध्ये गेले. त्यांचा जो आवाज आज शिल्लक आहे, त्यातला मोठा भाग अशा घरच्या ध्वनिमुद्रणांमुळे वाचला. इजिप्तमध्ये रमजानच्या संध्याकाळी आजही त्यांची अजान लागते. १९६४ पासून तर कैरोहून केवळ कुरआनसाठी वाहिलेले रेडिओ केंद्र चालते आहे.

दुसरे उदाहरण ख्रिस्ती देशातले आहे आणि ते भोंग्याच्या वादाला थेट उत्तर देणारे आहे. आयर्लंडमध्ये अनेक चर्च आपली प्रार्थना २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीच्या ट्रान्समीटरवरून सोडतात. परिसरातले आजारी आणि वृद्ध लोक घरी छोट्या रिसीव्हरवर ती ऐकतात. त्यासाठी तिथल्या दूरसंचार नियामकाने रीतसर परवान्याची सोय केली आहे. ब्रिटनमध्येही अनेक मशिदींची अजान अशीच घरातल्या छोट्या रिसीव्हरवर ऐकली जाते. रस्त्यावर आवाज नाही, शेजाऱ्याची झोप मोडत नाही आणि नानीला आपल्याच मशिदीच्या मुअज्जिनचा ओळखीचा आवाज उशाशी ऐकू येतो. शिवाय काही आठवड्यांपुरता एफएम परवाना घेऊन ब्रिटनच्या अनेक शहरांत दरवर्षी खास रमजान रेडिओ चालतात.

हे भारतात होणार नाही, असे म्हणण्याचे कारण नाही. प्रयागराजच्या कुंभमेळ्यासाठी आकाशवाणीने १०३.५ मेगाहर्ट्झवर ‘कुंभवाणी’ हे तात्पुरते एफएम केंद्र चालवले आणि २०२५ च्या महाकुंभातही ते होते. धार्मिक काळापुरते स्वतंत्र केंद्र, ही कल्पना सरकारने स्वतःच अमलात आणलेली आहे. ती योग्यच होती. कोट्यवधी भाविकांना वेळ, गर्दी, रस्ते, हरवलेली माणसे यांची खबर लागते, ती द्यायलाच हवी. मात्र जे कुंभाला मिळते ते छोट्या प्रमाणात इतरांनाही मिळावे, इतकेच म्हणणे आहे.

समाजाने काय मागावे

पहिली मागणी सर्वांत सोपी आहे. आकाशवाणीच्या राज्यातल्या प्रत्येक केंद्राने रमजानभर आपल्या जिल्ह्याची सेहरी आणि इफ्तारची वेळ मराठीतून सांगावी. दोन वेळा, प्रत्येकी एक मिनिट. याला नवा कायदा लागत नाही आणि पैसाही लागत नाही. २९ व्या रोजाच्या संध्याकाळी चाँदची खबर अधिकृत हिलाल समितीच्या हवाल्याने द्यावी. एके काळी ईदच्या चाँदसाठी मोहल्ला रेडिओभोवती जमायचा. आज त्या रात्री फोनवर इतक्या अफवा फिरतात की तरावीह पढायची की शिरखुर्म्याची तयारी करायची, हेच कळत नाही. एक जबाबदार आवाज या गोंधळावर पुरेसा आहे.

दुसरी मागणी सामुदायिक रेडिओकडे. शिक्षणसंस्था आणि नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांना कमी पल्ल्याची एफएम केंद्रे चालवता येतात. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, म्हसवडची ‘मन देशी तरंग’ ही महाराष्ट्रातली ओळखीची नावे. मुस्लिम समाजाच्या कितीतरी शिक्षणसंस्था राज्यात आहेत. इमारतींवर मजले चढवताना त्यांनी एक खोली स्टुडिओसाठी का ठेवू नये? मधुमेह असलेल्याने रोजा धरताना काय काळजी घ्यावी, जकातचा हिशोब कसा करावा, दहावीच्या परीक्षेत रोजा असेल तर अभ्यासाची वेळ कशी लावावी, हे सगळे त्या खोलीतून रोज सांगता येईल.

तिसरी मागणी कायद्याची. विनापरवाना प्रसारण हा गुन्हा आहे, त्यामुळे कोणत्याही मशिदीने उत्साहाच्या भरात स्वतःच ट्रान्समीटर बसवू नये. तो मार्ग चुकीचा आणि धोक्याचाही आहे. पण आयर्लंडसारखी छोट्या शक्तीची, प्रार्थनास्थळापासून घरापर्यंतची सोय भारतातही परवान्याखाली असावी, ही मागणी मशीद, मंदिर, चर्च, गुरुद्वारा, विहार सर्वांनी मिळून करण्यासारखी आहे. अंथरुणावरच्या वारकऱ्याला गावच्या देवळातले कीर्तन आणि अंथरुणावरच्या रोजेदाराला गावच्या मशिदीतली अजान, या दोन्ही गरजा एकच आहेत. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्यासारख्या मराठी न्यायाधीशाचा त्यात मोठा वाटा होता. सार्वजनिक मालमत्तेचा उपयोग सर्वांना व्हावा, हे त्या निकालाशी सुसंगतच आहे.

यावर एक आक्षेप येईल. रेडिओचे दिवस गेले, आकाशवाणीची मध्यम लहरींची अनेक जुनी प्रक्षेपकेही बंद झाली, मग हा उलटा प्रवास कशाला? प्रक्षेपके बंद झाली हे खरे आहे. जी ऐकली जात नाहीत ती बंद होतात, आणि जिथे ऐकण्यासारखे काही नसते तिथे कोणी ऐकत नाही. हे चक्र कुठून तरी तोडावे लागते. शिवाय रेडिओवरच्या मराठीतल्या रमजानचा लाभ एकट्या मुस्लिमांना होणार नाही. पहाटे चारला शेजारच्या घरात दिवा का लागतो, संध्याकाळी खजुराची ताटली आपल्या दारात का येते, हे त्याच आकाशवाणीवरून शेजाऱ्यालाही कळेल. एकमेकांचे सण भोंग्यावरून कानात घुसले तर चीड येते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने लावलेल्या रेडिओवर ऐकले तर ओळख होते.

रोजा नुसत्या उपाशी राहण्याने होत नाही, त्याला नियत लागते. रेडिओचेही तसेच आहे. भोंग्याचा आवाज न विचारता येतो, त्यात ऐकणाऱ्याचे काही श्रेय नसते. रेडिओ लावताना माणूस उठतो, बटण फिरवतो, खरखरीतून केंद्र शोधतो आणि मग ऐकतो. कुरआनचे पठण चालू असताना गप्प राहून लक्षपूर्वक ऐकावे, ही तर शिकवणच आहे. म्हणून तो लावला की बसून ऐकावा. भांडी घासताना, वाद घालताना मागे चालू ठेवू नये. लक्ष द्यायला वेळ नसेल तेव्हा बंद करावा. बंद करता येणारा आवाज कोणावर लादलेला नसतो. जो आवाज लादलेला नाही तो कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही, कोर्टात जात नाही, निवडणुकीच्या सभेतही वापरला जात नाही. तो फक्त ज्याला हवा त्याच्या घरात, ज्या वेळी हवा त्या वेळी पोहोचतो. मशिदीचा आवाज मिनारावरून उतरून नानीच्या उशाशी आला तर अजानचा मान कमी होत नाही. ज्या कानासाठी ती दिली जात होती, त्या कानापर्यंत ती पोहोचते.